सापळ्यात सापडतो तो कोणता कोयोट?

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत वसंतात कोकरं मरू लागली की उत्तर ठरलेलं असतं: कोयोट, म्हणजे लांडग्याच्या कुळातला पण त्याहून लहान शिकारी प्राणी, मारा. संघराज्याच्या कृषी खात्याची ‘वाइल्डलाइफ सर्व्हिसेस’ ही शाखा १९३१ च्या एका कायद्याच्या आधाराने हे काम करते, आणि गेल्या काही दशकांत अनेक वर्षी तिने वर्षाला साठ हजारांहून अधिक कोयोट मारले आहेत. काही विमान-हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून, काही विषाने, काही जमिनीत पुरलेल्या सापळ्यांनी आणि तारेच्या फासांनी. कातड्यासाठी किंवा हौसेसाठी सापळे लावणारे खासगी लोक या आकड्यात धरलेले नाहीत.

यातला जमिनीतला सापळा हा माझा विषय आहे. मेंढपाळाला तो ज्या कामासाठी दिला जातो ते काम तो करत नाही, असं माझं म्हणणं आहे. तो कोयोट पकडतो, यात वाद नाही. पण कोकरं मारणारा नेमका कोयोट तो फार क्वचित पकडतो. या एका फरकाकडे दुर्लक्ष करून शंभर वर्षं धोरण चालवलं गेलं, आणि त्याची किंमत मेंढपाळानेही मोजली आहे.

सापळा लावणाऱ्याचं कसब नाकारायचं कारण नाही. कोयोट कोणत्या वाटेने जातो, हद्दीच्या खुणा कुठे सोडतो, वारा कुठून येतो, हे आधी वाचता यावं लागतं. मग गवताच्या एखाद्या पुंजक्याच्या पायथ्याशी एक तिरकं, अरुंद बीळ खणतात. एखाद्या प्राण्याने खाणं पुरून ठेवलंय असं वाटावं, एवढाच हेतू. तळाशी मांसाचा तुकडा आणि उग्र वासाचा लेप, काठावर कोयोटची लघवी. बिळाच्या तोंडाशी काही इंच अलीकडे उथळ खड्ड्यात सापळा बसवतात. तो इतका घट्ट बसवावा लागतो की पायाखाली जराही हलू नये. हलला, तर कोयोट पाय मागे घेतो आणि कडेने उकरून सापळा उघडा पाडतो. सापळ्याची साखळी फिरत्या कडीतून जमिनीत ठोकलेल्या खुंटीला जाते. वरून चाळणीने बारीक माती पसरायची, आणि माणसाचा वास मागे राहू नये म्हणून हे सगळं हातमोजे घालून करायचं. मधल्या पत्र्यावर पाय पडला की दोन्ही जबडे उसळून पंजावर मिटतात.

जुन्या चित्रांतले दातेरी जबडे आता बहुतेक ठिकाणी राहिलेले नाहीत. आजच्या जबड्यांच्या कडा जाड असतात, मिटल्यावर मध्ये थोडी फट राहते, काहींना रबराची पट्टी असते. राज्यांच्या वन्यजीव खात्यांच्या संघटनेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सापळ्यांच्या चाचण्या घेऊन शिफारशींच्या याद्या काढल्या. चाचणीत पकडलेल्या प्राण्यांपैकी किमान ७० टक्क्यांना फारशी गंभीर इजा झाली नाही, तर सापळा त्या कसोटीला उतरतो. आधीच्या काळाच्या मानाने ही सुधारणा खरी आहे. उरलेल्या ३० टक्क्यांना त्याहून मोठी इजा झाली तरी सापळा यादीत राहू शकतो, हेही तितकंच खरं आहे.

पत्र्याचा ताण वाढवून ठेवला की ससा किंवा लहान खोकड वरून गेलं तरी सापळा उडत नाही. सापळ्याची पारख एवढीच. त्याला वजन कळतं. त्या जनावराने काल रात्री काय खाल्लं, हे कळत नाही.

आणि सगळा प्रश्न तिथेच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं हॉपलँड इथे मेंढ्यांचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या १३ वर्षांच्या नोंदी संशोधकांनी १९९८ मध्ये तपासल्या: दर वर्षी किती कोयोट काढले आणि किती मेंढ्या-कोकरं गेली. जास्त कोयोट मारले म्हणून नुकसान कमी झालं, असा संबंध दिसला नाही. पुढे कोयोटांना रेडिओ-पट्टे घालून पाहिल्यावर कारणही कळलं. मेंढ्यांवर हल्ले प्रामुख्याने करत होत्या त्या हद्द धरून बसलेल्या प्रौढ जोड्या, ज्यांच्या हद्दीत मेंढ्यांची कुरणं येत होती. आणि याच जोड्या सापळ्यात सर्वांत कमी सापडत होत्या. स्वतःच्या हद्दीतला दगडन् दगड त्यांच्या ओळखीचा. तिथे एक नवं बीळ, एक नवा वास दिसला तरी त्या सावध होतात. सापळ्यात पाय घालतात ते बहुतेक तरुण, भटके, हद्द शोधत फिरणारे कोयोट. त्यांचा मेंढ्यांशी संबंध तुलनेने कमी.

म्हणजे सापळ्यांची रांग लावून, महिन्याअखेर दहा-बारा कातडी मोजून मेंढपाळाला समाधान मिळतं, आणि ज्या जोडीने त्याची कोकरं नेली ती जोडी टेकडीपलीकडे पिल्लं वाढवत असते. मला यात मेंढपाळाची फसवणूक दिसते. ती कुणी मुद्दाम केलेली नाही. पण मारलेल्या कोयोटांचा आकडा हेच यशाचं माप ठरवलं की वाचलेली कोकरं मोजायची गरजच कुणाला वाटत नाही.

एकूण संख्याच इतकी खाली आणू की हद्दवाली जोडीही उरणार नाही, असं कुणी म्हणेल. त्याचाही हिशेब झालेला आहे. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी गणिती प्रतिकृती मांडून दाखवलं की एखाद्या भागातले ७५ टक्के कोयोट दर वर्षी मारत राहिलं, तर ते संपायला पन्नासहून अधिक वर्षं लागतील. इतकं प्रमाण मोठ्या प्रदेशावर इतका काळ टिकवणं कुणालाही शक्य नाही. कोयोट विरळ झाले की उरलेल्यांच्या वाट्याला जास्त खाणं येतं, माद्या लवकर वयात पिल्लं देतात, वेतं मोठी होतात, जास्त पिल्लं जगतात, आणि रिकाम्या झालेल्या हद्दीत शेजारून नवे कोयोट येऊन बसतात. एके काळी हा प्राणी मुख्यतः पश्चिमेकडच्या आणि मध्यभागातल्या मोकळ्या प्रदेशाचा रहिवासी होता. आज तो हवाई सोडून उरलेल्या ४९ राज्यांत आहे, उत्तरेला अलास्का आणि दक्षिणेला पनामापर्यंत पोचला आहे. हे सगळं घडलं ते त्याच्यावर सापळे, विष आणि इनामं यांचा मारा चालू असताना. लांडगे संपवले गेले आणि जंगलं तोडून शेती झाली, हेही त्याच्या पसरण्यामागचं मोठं कारण, आणि लांडगे संपवण्यात हाच पोलादी सापळा वापरला गेला होता.

खोकडाची गोष्ट यात घातल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. कोयोट आपल्या हद्दीत लाल खोकडाला टिकू देत नाही. हाकलतो, सापडलं तर मारतो. डकोटा राज्यांच्या गवताळ पाणथळ भागांत बदकं जमिनीवर घरटी करतात आणि अंडी मटकावण्यात खोकडाचा हात धरणारं कुणी नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका अभ्यासात कोयोटांचं वर्चस्व असलेल्या भागात बदकांची ३२ टक्के घरटी यशस्वी झाली, तर खोकडांचं वर्चस्व असलेल्या भागात फक्त १७ टक्के. सान दिएगोच्या वस्तीलगतच्या दऱ्यांतही संशोधकांना हेच दिसलं: कोयोट जिथे होता तिथे मांजरं आणि इतर छोटे शिकारी कमी, आणि झुडपांतल्या पक्ष्यांच्या जाती जास्त. आता याच देशात एकीकडे कोयोटसाठी सापळे लावले जातात, आणि दुसरीकडे बदकांची घरटी वाचवायला खोकडं, रॅकून आणि स्कंक पकडणाऱ्यांना पैसे दिले जातात. कोयोट काढला की खोकड वाढतं, आणि मग खोकडासाठी वेगळा सापळा लागतो. दोन्ही कामांना स्वतंत्रपणे पाहिलं तर दोन्ही शहाणपणाची वाटतात. एकत्र पाहिली तर एकाने केलेलं दुसऱ्याला निस्तरावं लागतं आहे.

आता वेदनेबद्दल. सापळ्याचे समर्थक म्हणतात की निसर्गात तरी कुठे सुखाचं मरण असतं. खरं आहे, उपासमार आणि खरूज यांचं मरण फार वाईट. पण त्या मरणाची जबाबदारी कुणा माणसावर नसते. सापळ्यातल्या तासांची असते. आणि सापळ्यात सर्वांत मोठा छळ जबड्यापेक्षा वेळेचा असतो. जनावर साखळीच्या टोकाशी धडपडतं, पोलाद चावून दात मोडतं, ऊन किंवा बर्फ सोसतं, तहानेने कासावीस होतं, आणि माणूस येईपर्यंत हे चालत राहतं. तो माणूस कधी येणार, हे कायदा ठरवतो. अनेक राज्यांत सापळा रोज पाहावा लागतो. नेवाडात कायद्याने ९६ तासांची मुभा दिली आहे. चार दिवस! रबराची पट्टी लावून केलेली सुधारणा चार दिवसांच्या प्रतीक्षेत कुठल्या कुठे वाहून जाते, आणि तरीही चर्चा नेहमी जबड्याच्या रचनेवरच होते.

चार्ल्स डार्विनने पत्नी एमासह १८६३ मध्ये इंग्लंडमधल्या शिकारराखणदारांच्या पोलादी सापळ्यांविरुद्ध पत्रक काढलं होतं. त्याचा भर याच गोष्टीवर होता: चिरडलेल्या पायाने तडफडणारं जनावर पाच मिनिटं पाहणंही माणसाला सोसवत नाही, आणि ते तसं रात्रभर पडून असतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या दातेरी सापळ्यावर प्रत्यक्ष बंदी लागू व्हायला १९५८ साल उजाडलं. युरोपीय संघाने पाय पकडणाऱ्या सापळ्यांवरचा नियम १९९१ मध्ये केला आणि आपल्या हद्दीत त्यांचा वापर १९९५ पासून थांबवला. अमेरिकेत हा निर्णय राज्याराज्यांवर सोपवलेला आहे. ॲरिझोना, कोलोरॅडो, मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन या राज्यांत १९९४ ते २००० या काळात मतदारांनी थेट मतदानाने कमी-अधिक कडक बंदी आणली. न्यू मेक्सिकोत एका माणसाची कुत्री सार्वजनिक जमिनीवर फासात गुदमरून मेली. त्या कुत्रीच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २०२१ मध्ये झाला, आणि २०२२ च्या एप्रिलपासून तिथल्या सार्वजनिक जमिनीवर सापळे, फास आणि विष यांना काही अपवाद वगळता मनाई आहे. ज्या वाटेवर कोयोट चालतो त्याच वाटेवर माणसं कुत्री घेऊन फिरतात. पत्र्याचा ताण कितीही वाढवला तरी मध्यम आकाराचा कुत्रा आणि कोयोट यांच्या वजनात सापळ्याला फरक करता येत नाही.

इथवर आल्यावर संपूर्ण बंदीची मागणी करून मोकळं होणं सोपं आहे. मी ती करत नाही, कारण दोन उदाहरणं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

पहिलं सान फ्रान्सिस्को उपसागराचं. तिथल्या खारट दलदलीत क्लॅपर रेल नावाचा (आता त्याला रिजवेज रेल म्हणतात), धोक्यात आलेला, उडण्यापेक्षा पळण्यावर भिस्त ठेवणारा पक्षी राहतो. कॅलिफोर्नियाच्या सखल भागात माणसाने बाहेरून आणलेलं लाल खोकड त्याची अंडी आणि पिल्लं खाऊ लागलं. संघराज्याच्या अभयारण्यात १९९१ पासून ही खोकडं सापळ्यांनी काढली जात होती. १९९८ मध्ये राज्याच्या मतदारांनी पाय पकडणाऱ्या सापळ्यांवर सरसकट बंदी आणली, आणि त्या बंदीत हे कामही अडकलं. तेव्हा न्यायालयात गेली ती ऑडुबॉन सोसायटी, म्हणजे पक्ष्यांचं रक्षण करणारी संस्था. अपिलीय न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केलं की संकटग्रस्त जाती वाचवण्याच्या संघराज्याच्या कर्तव्याआड राज्याची ही बंदी येऊ शकत नाही.

दुसरं लाल लांडग्याचं. १९७० च्या दशकात टेक्सास आणि लुइझियानाच्या किनाऱ्यावर उरलेसुरले लाल लांडगे जिवंत पकडले गेले ते पाय पकडणाऱ्या सापळ्यांनीच. पकडलेल्या शेकडो जनावरांतून निवडलेल्या अवघ्या १४ लांडग्यांपासून बंदिवासात पुढचा वंश वाढवला गेला. १९८० मध्ये जात जंगलातून नामशेष जाहीर झाली आणि १९८७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात तिला पुन्हा मोकळं सोडलं गेलं. तिथेही कोयोट पकडण्यासाठी रबरी पट्टीचे सापळे लागतात. पकडलेल्या कोयोटची नसबंदी करून त्याला पट्टा घालून सोडतात, म्हणजे तो हद्द राखतो, पण लांडग्याशी संकर होऊन पिल्लं होत नाहीत.

या दोन्ही ठिकाणी आणि मेंढ्यांच्या कुरणावर वापरलेलं पोलाद साधारण एकच आहे. फरक हेतूत आणि शिस्तीत आहे. कुठला प्राणी हवा, कशासाठी हवा, किती काळ, कुणी पकडायचा, पकडल्यावर काय करायचं, हे तिथे आधी ठरलेलं असतं, आणि काम झालं की नाही हे पक्ष्यांच्या किंवा लांडग्यांच्या संख्येवरून पाहिलं जातं. मेंढ्यांच्या कुरणावर यातलं जवळजवळ काहीच ठरलेलं नसतं.

मेंढपाळाची बाजू हलकी समजणाऱ्यांचा मला राग येतो. जन्मल्यावर महिना-दीड महिन्यात कोकरू गळा फाडलेलं सापडणं हे पैशाचं नुकसान आहेच, त्याहून ती रोजची हार आहे. अमेरिकेत शिकारी प्राण्यांनी मारलेल्या मेंढ्या आणि कोकरांपैकी निम्म्याहून जास्त कोयोटने मारलेली असतात, हे कृषी खात्याच्याच पाहणीतून येतं. पण या धंद्याची पडझड कोयोटच्या माथी मारणं मात्र पुराव्याला धरून नाही. १९४२ मध्ये देशात ५ कोटी ६० लाखांच्या आसपास मेंढ्या होत्या. आज ५० लाखांच्या घरात आहेत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दिसलं की या घसरणीचा मोठा भाग चाऱ्याची किंमत, मजुरी आणि कोकराला मिळणारा भाव यांनीच उलगडतो, आणि कोयोट पोचलेही नव्हते अशा पूर्वेकडच्या भागातही मेंढ्या तशाच कमी होत गेल्या. दशकानुदशकं कोयोट मारण्यावर जो सरकारी पैसा गेला, तो मेंढपाळाच्या खऱ्या अडचणीपर्यंत पोचलाच नाही.

मग पोचेल असं काय करायचं? पर्याय नवे नाहीत. ग्रेट पिरनीज, अकबाश, अनातोलियन या जातींचे राखणीचे कुत्रे १९७० च्या दशकापासून अमेरिकेत पद्धतशीरपणे वापरून पाहिले गेले आणि असंख्य कळपांत ते आज कामाला आहेत. कोकरं जन्मण्याच्या दिवसांत कळप आत घेणं, विजेचं कुंपण, मेलेली जनावरं लगेच उचलणं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कळपाबरोबर माणूस असणं. सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेच्या मरीन काउंटीने २००० च्या सुमारास ‘वाइल्डलाइफ सर्व्हिसेस’बरोबरचा करार संपवला आणि तोच पैसा कुंपणं आणि राखणीच्या कुत्र्यांच्या खर्चात वाटा म्हणून मेंढपाळांना द्यायला सुरुवात केली. त्या योजनेत मेंढपाळांना स्वतः कोयोट मारायची मुभा राहिली, तेव्हा तिला निर्मळ अहिंसेचं उदाहरण म्हणता येणार नाही. पण सरकारी सापळ्यांशिवाय काउंटीतली मेंढपाळी चालू राहू शकते, एवढं तिने दाखवलं. आयडाहोत लांडग्यांच्या प्रदेशात २००८ पासून कुत्रे, दिवे, दोरीवर फडफडणाऱ्या चिंध्या आणि जादा राखणदार वापरून सात वर्षं केलेल्या प्रयोगात, असं संरक्षण नसलेल्या शेजारच्या भागात लांडग्यांनी मारलेल्या मेंढ्यांचं प्रमाण साडेतीन पट होतं. युटातला एक प्रयोग मला विशेष विचार करण्यासारखा वाटतो. हद्दवाल्या कोयोट जोड्यांची नसबंदी केली. जोड्या हद्दीवर राहिल्या, पण पिल्लांना भरवायची गरज नसल्याने त्यांनी कोकरं खूप कमी मारली. जोडीला मारून हद्द रिकामी करण्यापेक्षा हे कितीतरी टिकाऊ आहे, जरी प्रत्येक जनावर पकडून शस्त्रक्रिया करणं खर्चाचं असलं तरी.

हे पर्याय फुकट नाहीत. चार कुत्र्यांचं खाणं, औषध, आणि हजारो एकर उघड्या डोंगरावर रात्री जागणाऱ्या माणसाचा पगार, हा खर्च कोकराच्या भावातून निघत नाही. म्हणूनच सार्वजनिक पैशाचा प्रश्न येतो. युटाने २०१२ पासून एका कोयोटमागे ५० डॉलर इनाम ठेवलं, तेही मुख्यतः खेचरकान्या हरणांची संख्या वाढावी म्हणून. शेजारच्या आयडाहोत कोयोट मोठ्या प्रमाणावर काढून केलेल्या प्रयोगात हरणांची संख्या त्यामुळे वाढल्याचं दिसलं नव्हतं. असा पैसा राखणदाराच्या पगाराला जावा.

आणि जिथे सापळा खरंच लागेल, तिथे तो परवान्याने लागावा: मारलेल्या कोकराची तपासणी झालेली असावी, सापळा त्या जोडीच्या हद्दीपुरता असावा, ठरलेल्या दिवसांनी तो निघावा, आणि यश वाचलेल्या कोकरांत मोजलं जावं. सार्वजनिक वाटांवर तो नसावाच. संकटग्रस्त जातींच्या रक्षणाचं काम या अटींबाहेर, त्याच्या स्वतःच्या कडक शिस्तीत चालू राहावं. यातलं बरंचसं हळूहळूच होईल. पण ९६ तासांची मुदत २४ वर आणायला कुठल्या नव्या संशोधनाची किंवा निधीची वाट पाहावी लागत नाही. नेवाडाच्या विधिमंडळाने ते पुढच्याच अधिवेशनात करावं.